बलस्थानांपासून सुरू होणारी थेरपी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना माणूस मनात तक्रारींची यादी जुळवून जातो. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, घरच्यांवर उगाच चिडायला होतं, संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. ही यादी महत्त्वाची आहे आणि ती सगळी सांगायलाच हवी. सकारात्मक मानसोपचार या पद्धतीत मात्र तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो : हे सगळं सोसत तुम्ही इथवर आलात ते कशाच्या बळावर? बहुतेकांना याचं उत्तर चटकन देता येत नाही. ते शोधून काढायचं आणि जे सापडेल ते दुखऱ्या जागी कामाला लावायचं, हा या थेरपीचा गाभा.

मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचारपद्धती ओळखीची असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ती पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. तिथे भर असतो अविवेकी समजुती पकडून त्यांना आव्हान देण्यावर. इथे सुरुवात होते ती माणसात आधीच धडधाकट असलेल्या भागापासून. दोन्हींचं आपसात भांडण नाही. अनेक थेरपिस्ट त्या एकत्र वापरतात.

पद्धतीमागचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कळला की पुढचे स्वाध्याय का करायचे हे कळतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके कसंही करून टाळता येत नव्हते, त्यांतली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही हलेनाशी झाली. 'शिकलेली असहायता' ती हीच. नैराश्य समजून घ्यायला ही कल्पना फार उपयोगी पडली. पुढे १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असताना सेलिग्मन यांनी उलट बाजूचा प्रश्न जाहीरपणे मांडला : माणसाचं काय बिघडतं याचा आपण इतका अभ्यास केला, मग त्याचं चांगलं कशानं चालतं याचा का नाही? तो प्रश्न थेरपीच्या खोलीत आणण्याचं बरंचसं काम तय्यब रशीद यांनी केलं. टोरोंटो विद्यापीठाच्या स्कारबरो इथल्या आवारात ते विद्यार्थ्यांवर उपचार करत. २००६ मध्ये सेलिग्मन, रशीद आणि अकेशिया पार्क्स यांचा या थेरपीवरचा लेख आला आणि २०१८ मध्ये रशीद-सेलिग्मन यांनी थेरपिस्टांसाठी १५ सत्रांची सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली. या लेखातल्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने जातात.

२००६ च्या लेखात दोन लहान अभ्यास होते. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या तरुणांच्या गटात या थेरपीनंतर लक्षणं कमी झाली आणि वर्षभर कमीच राहिली. तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त जण नैराश्यातून बाहेर आले. पण माणसं थोडी होती, हे विसरू नये. पुढे लंडनमध्ये सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा आजार) असलेल्या ९४ जणांवर या पद्धतीचं ११ सत्रांचं रूप तपासलं गेलं. तिथे स्वास्थ्याच्या मुख्य मोजमापात फरक दिसला नाही. लक्षणं आणि नैराश्य मात्र कमी झालं. उपयोगाची, आशादायक, पण जादू नव्हे, असं मी या पद्धतीबद्दल म्हणेन.

एक घोटाळा आधीच टाळा. याच नावाची दुसरी, जुनी पद्धत जर्मनीत विस्बाडेन इथे नोसरत पेसेश्कियान यांनी १९६८ पासून घडवली. तिच्यात बोधकथांचा वापर आहे, आयुष्याच्या चार बाजूंचा समतोल आहे, आणि तिचं प्रशिक्षण वेगळं असतं. तीही चांगली आहे, फक्त ती ही नाही. थेरपिस्टच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात हे नाव दिसलं तर दोन्हींपैकी कोणती, ते विचारा.

पायरी १ : ही वेळ या थेरपीची आहे का, ते बघा

स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, किंवा सलग अनेक दिवस झोप न घेताही अंगात अफाट उत्साह भरल्यासारखं वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. वारंवार पॅनिक अटॅक येत असतील तर ते आटोक्यात आणणारे उपचार आधी घ्यावेत, अशी काळजी ही पद्धत मांडणाऱ्यांनीच सुचवली आहे. गोळ्या चालू असतील तर चालूच ठेवा. थेरपी सुरू झाली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि घरात मारहाण किंवा छळ चालू असेल, तर कृतज्ञता आणि क्षमा हे स्वाध्याय आत्ता तुमच्यासाठी नाहीत. आधी सुरक्षितता. छळ सोसणाऱ्या बाईला 'चांगलं तेवढं बघ' असं सांगणं हा उपचार होऊ शकत नाही, आणि जो थेरपिस्ट तसं सांगेल त्याच्याकडून उठून यावं.

पायरी २ : माणूस शोधा

आपल्याकडे समुपदेशक हा शब्द कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधं लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. 'सकारात्मक मानसोपचार' अशी पाटी फारशी कुठे दिसणार नाही. फोनवर सरळ विचारा : तुम्ही बलस्थानांवर आधारलेलं काम करता का? कसं करता? माझ्या त्रासाविषयी बोलायला त्यात किती जागा असते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात नीट ऐका. 'आपण नकारात्मक बोलायचंच नाही' असं उत्तर आलं, तर ती ही पद्धत नाही. या थेरपीत रागाला, दुःखाला आणि जुन्या अन्यायाला पुरेपूर जागा आहे, त्यासाठी वेगळी सत्रंच आहेत.

पायरी ३ : स्वतःची एक गोष्ट लिहा

पहिल्या सत्रात तुम्हाला साधारण पानभर लिहायला सांगतील : अशा प्रसंगाविषयी, जिथे तुम्ही कठीण परिस्थितीत नीट वागलात आणि शेवट बरा झाला. बक्षीस मिळाल्याची गोष्ट नको. वडिलांच्या आजारपणात तीन आठवडे हॉस्पिटल सांभाळलं, कंपनी बंद पडल्यावर सहकाऱ्यांना एकेक करून दुसरीकडे लावून दिलं, दहावीला गणितात नापास झाल्यावर ऑक्टोबरला पुन्हा बसले, अशी. प्रसंग जितका तपशिलात, तितका उपयोगी. कोण काय म्हणालं, तुम्ही आधी काय केलं, मग काय केलं.

आपल्याकडे इथेच हात अडखळतो. स्वतःविषयी चांगलं लिहिणं म्हणजे बढाई, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. म्हणून विशेषणं टाळा आणि फक्त कृती लिहा. 'मी खंबीर होते' यापेक्षा 'रात्री दोनला रक्ताच्या बाटलीसाठी तीन रक्तपेढ्या फिरले' हे लिहायलाही सोपं, आणि त्यातून काय काढायचं ते थेरपिस्टला बरोबर कळतं.

पायरी ४ : रात्रीची वही

पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत ही वही चालते. झोपण्याआधी त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीखाली ती का घडली, ते लिहायचं. हे 'का' लोक वगळतात आणि मग वही दोन आठवड्यांत कंटाळवाणी होते. 'पुतण्याचा फोन आला' एवढ्यावर थांबू नका. 'का? गेल्या रविवारी मी त्याला मुलाखतीची तयारी करून दिली होती म्हणून.' आता त्या चांगल्या गोष्टीत तुमचा हात दिसायला लागला. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, ही असहायतेची शिकवण असते. त्या शिकवणीविरुद्ध रोज रात्री एक छोटा पुरावा मिळतो. २००५ मध्ये सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून केलेल्या अभ्यासात आठवडाभर हे लिहिणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सहा महिन्यांपर्यंत कमी आढळली, आणि ज्यांनी सवय पुढे चालू ठेवली त्यांना जास्त फायदा झाला.

ज्या दिवशी तीन सापडत नाहीत त्या दिवशी एक लिहा. तीही नसेल तर तारीख टाकून वही मिटा आणि पुढच्या सत्रात ते रिकामं पान दाखवा. खोटं लिहू नका.

पायरी ५ : बलस्थानं ओळखा

क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये २४ बलस्थानांची यादी मांडली. तिच्यात जिज्ञासा, सर्जनशीलता, शिकण्याची आवड, सारासार विचार, चिकाटी, धैर्य, प्रामाणिकपणा, उत्साह, दयाळूपणा, माणसांची जाण, न्यायबुद्धी, नेतृत्व, क्षमाशीलता, नम्रता, सावधपणा, आत्मसंयम, सौंदर्यदृष्टी, कृतज्ञता, आशा, विनोदबुद्धी, अध्यात्म अशा गोष्टी येतात. इंटरनेटवर त्यावरची प्रश्नावली फुकट भरता येते, पण एकट्या प्रश्नावलीवर विसंबू नका. नैराश्यात असलेला माणूस स्वतःला कमीच गुण देतो.

या थेरपीत म्हणूनच अनेक बाजूंनी माहिती गोळा करतात. तुम्ही यादीतून पाच निवडायची. घरातल्या एकाने तुमच्यासाठी पाच निवडायची, एका मित्राने किंवा मैत्रिणीने पाच. घरच्यांना देताना बलस्थानांची नावं नुसती देऊ नका, प्रत्येकासमोर एका ओळीत अर्थ लिहा आणि 'हे तू माझ्यात कधी पाहिलंस, एक प्रसंग सांग' एवढंच विचारा. आईला 'माझ्यातलं बलस्थान सांग' म्हटलं तर ती गडबडेल. 'मी कधी चिकाटी दाखवली होती गं?' म्हटलं तर ती सायकल शिकण्यापासून सुरू करेल. ज्या पाचांवर सगळ्यांची बोटं पडतात ती तुमची ठळक बलस्थानं. तुम्ही निवडलेलं पण दुसऱ्या कुणालाच न दिसलेलं एखादं असेल, तर त्याविषयी थेरपिस्टशी बोला. बरेचदा ते घरात दाबून ठेवलेलं असतं.

पायरी ६ : प्रमाण शिका

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्यामुळेच ही थेरपी नुसत्या कौतुकापासून वेगळी पडते. बलस्थान असणं पुरेसं नाही. रशीद यांची मांडणी अशी की बरेचसे त्रास हे बलस्थानांचा अतिरेक किंवा अभाव म्हणूनही पाहता येतात. आशा आणि उत्साह ओसरले की नैराश्य दाटतं. सावधपणा बेसुमार झाला की चिंता.

समजा, पस्तिशीतली एक बाई आहे. बँकेत नोकरी, घरी सासूबाई आजारी, दोन मुलं. तिची ठळक बलस्थानं निघाली दयाळूपणा, चिकाटी आणि नम्रता. थकवा, रडू येणं, पाठदुखी ही तिची तक्रार. तिला 'तुम्ही किती दयाळू आहात' हे ऐकवून काय मिळणार? दयाळूपणाच तर तिला पिळून काढतोय. सगळ्यांचं ती करते, कारण चिकाटी तिला थांबू देत नाही, आणि नम्रता मदत मागू देत नाही. इथे थेरपीचं काम म्हणजे दयेचं तोंड थोडं तिच्या स्वतःकडे वळवणं, चिकाटी सगळीकडे न खर्चता एका गोष्टीवर लावणं (उदाहरणार्थ, दिरांशी सासूबाईंच्या औषधपाण्याच्या वाटणीविषयी दर आठवड्याला बोलणं, ते टाळाटाळ करत असले तरी), आणि यादीत खाली गेलेली न्यायबुद्धी वर आणणं. बाई तीच, गुण तेच. प्रमाण आणि दिशा बदलली.

थेरपिस्ट यासाठी पाच प्रश्नांची सवय लावतात. हे बलस्थान नेमक्या कोणत्या कृतीत उतरेल? या प्रसंगाला तेच लागू आहे का? दोन बलस्थानांत टक्कर होतेय का? मी थांबून दुसऱ्यावरच्या परिणामाचा विचार केला का? आणि किती वापरायचं? तिसरा प्रश्न घराघरांतला आहे. आईचे रिपोर्ट चांगले नाहीत, डॉक्टरांनी फक्त तुम्हाला सांगितलंय. प्रामाणिकपणा म्हणतो आईला सांग, दया म्हणते दिवाळी होऊ दे. दोन्ही तुमचीच बलस्थानं. अशा वेळी आधी आईला विचारता येतं, 'तुला सगळं कळायला हवंय का, की मी बघू?' माणसांची जाण हे तिसरं बलस्थान मध्ये घातलं की टक्कर जरा सैल होते.

मग एक लेखी योजना बनते : येत्या काही आठवड्यांत मी कोणतं बलस्थान, कुठे, कसं वेगळ्या प्रकारे वापरणार, आणि त्याची आठवण मला कोण करून देणार. ती दोन ओळींची असली तरी चालते. मोघम असून चालत नाही.

पायरी ७ : जुन्या जखमांकडे

पाचव्या-सहाव्या सत्राच्या सुमारास उघड्या राहिलेल्या आठवणींचा विषय निघतो. आधी श्वासाचा, शरीर सैल सोडण्याचा सराव झालेला असतो. थेरपिस्ट तुम्हाला तो प्रसंग थोड्या अंतरावरून सांगायला लावतात, जणू एखादा वार्ताहर कोपऱ्यात उभा राहून टिपतोय. 'मी' ऐवजी 'ती', 'तो'. मग विचारतात, त्या दिवशी आणखी कोण होतं, तुझ्या बाजूने कुणी काही केलं का, तू स्वतः काय केलंस? कडू आठवण आपलं लक्ष एकाच जागी खिळवून ठेवते आणि बाकीचं चित्र दिसेनासं होतं. ते परत मिळवायचा हा प्रयत्न असतो. अत्याचार, अपघात, अकस्मात मृत्यू अशा आठवणींवर हा स्वाध्याय घरी एकट्याने करू नका.

क्षमेचं सत्र ऐच्छिक आहे असंच समजा. क्षमा म्हणजे विसरणं नाही, समेट नाही, कायद्याचा हक्क सोडणं नाही. स्वतःच्या डोक्यातली सुडाची घरघर थांबवण्याचा तो निर्णय असतो, आणि समोरच्याला तो कळलाही नाही तरी चालतं. 'अजून नाही' हे उत्तर थेरपिस्टने मान्य केलं पाहिजे.

पायरी ८ : मधली सत्रं

एकात 'सर्वोत्तमच हवं' या हट्टाचा हिशेब असतो. मोबाइल घेताना पंधरा दिवस तुलना करणारा माणूस घेतल्यावरही कुढतो. कुठे पुरेसं चांगलं चालेल, हे ठरवायला शिकायचं. एकात बंद झालेल्या दारामागून कोणतं दार उघडलं, हे आठवायचं. एक सावकाशीचं : चहा फोन न बघता प्यायचा. वाचताना क्षुल्लक वाटतं, करून पाहा.

पायरी ९ : पत्र

ज्यांचे आभार मानायचे राहिले अशा हयात व्यक्तीला पत्र लिहायचं. काय केलं, त्याने माझं काय झालं, आज मी कुठे आहे. मग शक्यतो समोर बसून वाचून दाखवायचं, कशासाठी येतोय हे आधी न सांगता. २००५ च्या त्याच अभ्यासात या स्वाध्यायाचा परिणाम सगळ्यात मोठा होता, पण महिनाभरच टिकला. म्हणून पत्र एकदा आणि वही रोज.

घरातल्यांना 'थँक्यू' म्हणायची आपली रीत नाही. वडिलांसमोर बसून पत्र वाचायला जीभ रेटत नसेल तर शाळेतल्या बाईंपासून सुरू करा, किंवा पत्र देऊन तिथेच शेजारी बसून राहा. वडील बहुधा म्हणतील, 'अरे, त्यात काय एवढं!' ती नापसंती नव्हे. पत्र ते कपाटात जपून ठेवतील.

पायरी १० : चांगली बातमी ऐकायला शिका

शेली गेबल या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की नातं टिकण्यात संकटात मिळालेल्या साथीइतकंच, चांगली बातमी सांगितल्यावर मिळालेल्या प्रतिसादालाही वजन असतं. त्या चार तऱ्हा सांगतात. मुलगी म्हणते, 'बाबा, मला वक्तृत्वात दुसरा नंबर मिळाला.' पहिली तऱ्हा, 'छान', आणि नजर पुन्हा पेपरात. दुसरी, 'पहिला कुणाला मिळाला?' तिसरी, 'तुझे शूज दारात का पडलेत?' चौथी, 'हो? विषय कोणता होता? सुरुवात कशी केलीस? म्हणून दाखव ना.' चौथीच नातं वाढवते. आपल्या घरांत दुसरी फार चालते आणि ती काळजीपोटीच चालते, हे मला माहीत आहे. तरी मुलीपर्यंत पोचतो तो फक्त पहिला नंबर हुकल्याचा सल. आठवडाभर दिवसातून एकदा चौथ्या तऱ्हेने ऐका. खोटा उत्साह नको, दोन खरे प्रश्न पुरतात.

शेवटची सत्रं आपला वेळ दुसऱ्यांसाठी देण्यावर आणि आयुष्याच्या अर्थावर असतात. पहिल्या सत्रात लिहिलेली गोष्ट तिथे पुन्हा वाचतात आणि ती पुढे कुठे जावी, यावर बोलतात.

उपयोग होतोय का, ते मोजा

थेरपिस्टला दर तीन-चार सत्रांनी नैराश्याची मोजणी करायला सांगा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली ० ते २७ गुण देते, १० ते १४ गुण म्हणजे मध्यम नैराश्य धरतात. आकडा खाली येत नसेल, किंवा स्वाध्याय करून अपराधी वाटत असेल ('एवढं चांगलं असून मी दुःखीच'), तर तसं स्पष्ट सांगा. सहा-आठ सत्रांनंतरही काही हललं नाही तर पद्धत बदलणं, औषधाचा विचार करणं किंवा दुसऱ्या थेरपिस्टकडे जाणं, हे सगळं रास्त आहे.

पंधरा सत्रं झाल्यावर निरोप घेण्याआधी महिन्याभरानंतरची एक भेट ठरवून घ्या. वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : कोणते स्वाध्याय चालू ठेवणार, त्रास परत येतोय हे सांगणारी पहिली खूण कोणती (अनेकांची झोप आधी बिघडते), आणि ती दिसली तर कुणाला फोन करायचा. ते पान घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा.